बरोबरीचा दाब

(कुरकुंभ येथील वार्षिक स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

फिरंगाई देवीच्या या गावातले ग्रामस्थ, आणि थोड्या वेळाने रात्रपाळीला जायचे असूनही इथे येऊन बसलेले माझे कामगार मित्रहो,

विषय कळवला तेव्हा संयोजकांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. पाणबुडीच्या इंधनटाकीतला दाब, आणि तो कुरकुंभला? समुद्र इथून सह्याद्रीपलीकडे. आपला दौंड तालुका पावसाची वाट पाहणारा. पण मी विषय बदलला नाही, कारण या विषयावर बोलायला मला याहून जाणता श्रोता ठाऊक नाही. महामार्गाच्या कडेला जी औद्योगिक वसाहत उभी आहे तिचा जीव टाक्यांमध्ये आहे. द्रावके, अमाइन्स, औषधांचे कच्चे माल, सगळे टाक्यांमध्ये येते आणि टाक्यांमधून जाते. तुमच्यापैकी कितीतरी जण रोज शिडी चढून टाकीच्या माथ्यावर जातात, मापे घेतात, व्हॉल्व्ह तपासतात. टाकी श्वास घेते हे तुम्हाला सांगावे लागत नाही. पाणबुडीविषयी आपल्याकडे जे लिहिले-बोलले जाते ते पोलादाच्या जाडीविषयी आणि टॉर्पेडोंविषयी असते. टाकीच्या श्वासाविषयी मी फारसे वाचलेले नाही, आणि पाणबुडीचे निम्मे शहाणपण त्यातच आहे असे माझे मत आहे.

सुरुवात जमिनीवरच्या टाकीपासून करू. रासायनिक कारखान्यांच्या सुरक्षिततेवर ज्यांनी आयुष्यभर लिहिले त्या ट्रेवर क्लेट्झ यांनी एक हिशेब मांडून ठेवला आहे. साध्या साठवण टाकीची रचना आतून साधारण 20 सेंटिमीटर पाण्याच्या उंचीइतका दाब सोसण्यापुरती असते. पोकळी तर अवघी 6 सेंटिमीटरच्या आसपास. क्लेट्झ म्हणत की एवढा दाब चहाच्या कपाच्या तळाशी असतो. ही तुलना मला फार मोलाची वाटते, कारण तिने डोळे उघडतात. तीन मजली उंच, लोखंडी, पाहताना अभेद्य वाटणारी वस्तू प्रत्यक्षात एवढी नाजूक असते. आता आकडा करून पाहा. 6 सेंटिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला 60 किलो. टाकीचा व्यास 10 मीटर असेल तर एकट्या छपरावर सुमारे पावणेपाच टन. पंप आतला माल ओढत राहिला आणि वरून हवा आत आली नाही, तर टाकी बसणार.

तशी बसलेली टाकी मी पाहिली आहे. कारखान्याचे नाव घेत नाही, आणि तो इथला नव्हता. मे महिन्यातली दुपार. रिकामी टाकी वाफेने धुऊन ठेवलेली, आत वाफच वाफ. चारच्या सुमारास वळवाची सर आली आणि तापलेल्या पत्र्यावर गार पाणी पडले. वाफेचे पाणी होताना तिचे आकारमान सोळाशे पटींच्या आसपास कमी होते. तेवढी हवा आत यायला हवी होती. व्हेंटच्या जाळीवर कुंभारमाशीने मातीचे घर केले होते. काही क्षणांत टाकी एका बाजूने आत चेपली गेली. कोणाला इजा झाली नाही. पत्रा चांगला होता, वेल्डिंग चांगले होते, रंग नवा होता. वाट मात्र बंद होती.

आता समुद्रात उतरू.

खाऱ्या पाण्यात दर 10 मीटर खोलीला साधारण एक बार, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो दाब वाढतो. कोयना धरण 103 मीटर उंच. त्याच्या पायथ्याशी भिंत जेवढा दाब सोसते त्याच्या जवळपास तिप्पट दाब 300 मीटर खोलीवर असतो. चौरस मीटरला 300 टनांहून अधिक. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये फ्रान्सच्या नेव्हल ग्रुपच्या सहकार्याने बांधलेल्या कलवरी वर्गाच्या पाणबुड्या एवढ्या खोलीच्या आहेत. लांबी 67.5 मीटर, पाण्याखालचे वजन पावणेअठराशे टनांच्या आसपास. पहिली कलवरी 14 डिसेंबर 2017 रोजी नौदलात दाखल झाली. दुसरी खांदेरी, 28 सप्टेंबर 2019 रोजी. 1679 मध्ये शिवाजी महाराजांनी ज्या बेटावर तट उभारून इंग्रजांच्या आरमाराला मुंबईच्या तोंडाशी आव्हान दिले, त्या बेटाचे नाव तिला आहे. मालिकेतली सहावी, वागशीर, 15 जानेवारी 2025 रोजी आली.

एवढ्या दाबाला तोंड देण्याचा एक मार्ग सर्वांना सुचतो : भिंत जाड करा. माणसे, यंत्रे आणि बॅटऱ्या जिथे असतात ते मुख्य कवच तसेच बांधतात. उत्तम पोलादाचा गोल नळकांड्याचा आकार, एकमेकींच्या जवळ कड्या बसवून बळकट केलेला. आत आपल्यासारखीच हवा, आपल्यासारखाच दाब. पण डिझेलवर चालणाऱ्या पाणबुडीला हजारो मैल जायचे असते. 1967 च्या अखेरीस रीगा बंदरात भारतीय नौदलात आलेली आपली पहिली पाणबुडी, जुनी कलवरी, पुढच्या वर्षी मायदेशी निघाली तेव्हा सुएझ कालवा बंद होता आणि तिला आफ्रिकेला वळसा घालून यावे लागले. एवढ्या प्रवासाचे डिझेल जाड कवचाच्या आत ठेवायचे तर माणसांना जागा उरणार नाही. बाहेर ठेवायचे तर प्रत्येक टाकीला तेवढीच जाड भिंत हवी, आणि मग पाणबुडी तरंगणार नाही.

यावर जे उत्तर निघाले ते मला यंत्रविद्येतल्या सर्वांत सुंदर उत्तरांपैकी एक वाटते. टाकी बाहेर ठेवा, भिंत बेताची ठेवा, आणि तळाशी समुद्राला वाट द्या.

डिझेल पाण्यापेक्षा हलके असते. घनमीटरला साधारण 840 किलो. समुद्राचे पाणी 1,025 किलो. एकाच टाकीत दोन्ही असली तरी डिझेल वर आणि पाणी खाली राहते. इंजिनाला लागणारे डिझेल टाकीच्या माथ्यावरून काढायचे. जेवढे काढले तेवढे समुद्राचे पाणी तळातून आत येते. टाकी कधीच रिकामी नसते. पाणबुडी 50 मीटर खाली गेली की बाहेरचा दाब वाढतो, तोच दाब तळच्या पाण्यातून डिझेलला मिळतो. 300 मीटरवरही तेच. भिंतीच्या बाहेर 30 बार आणि आतही 30 बार. भिंतीला सोसायला उरतो तो दोन्हींतला फरक, आणि तो जवळपास नाहीच. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी पाणबुड्यांमध्ये हे पाणी थेट तळातून घेत नसत. वर, मनोऱ्याजवळ, एक छोटी पाण्याची पेटी असे. तिच्यातून नळ खाली टाक्यांकडे येई आणि पेटीच्या उंचीमुळे मिळणाऱ्या जोराने पृष्ठभागावर असतानाही डिझेल वर ढकलले जाई. पंपाची गरजही कमी.

या तत्त्वाची कसोटी पाहायची तर 23 जानेवारी 1960 चा दिवस आठवावा. जाक पिकार आणि डॉन वॉल्श हे दोघे त्रिएस्ते नावाच्या यानातून प्रशांत महासागराच्या सर्वांत खोल गर्तेत, जवळजवळ 10,900 मीटरवर उतरले. माणसे बसली होती त्या गोळ्याची भिंत 12.7 सेंटिमीटर जाड होती. पण गोळ्याच्या वर जो प्रचंड तरंगता भाग होता, ज्यात सुमारे 85 हजार लिटर पेट्रोल भरले होते, तो पातळ पत्र्याचा होता. हजार बारांच्या वर दाबात तो पत्रा टिकला, कारण त्याच्या तळाला उघडी वाट होती. खाली जाताना पेट्रोल दबून आकसत गेले, तेवढे समुद्राचे पाणी आत आले, यान जड होत गेले. वर येण्यासाठी लोखंडी छर्‍यांचा भार सोडून द्यायचा, ही योजना आधीच केलेली होती. सुमारे 9,000 मीटरवर बाहेरच्या एका खिडकीच्या काचेला तडा गेला आणि त्या आवाजाने यान हादरले. ती खिडकी दाबाशी झुंजणाऱ्यांपैकी नव्हती, म्हणून दोघे पुढे गेले आणि परतही आले. पेट्रोलच्या टाकीला काही झाले नाही.

आता किंमत. बरोबरीचा दाब फुकट मिळत नाही.

पहिली किंमत वजनाची. जमिनीवरचे कोणतेही वाहन इंधन जाळले की हलके होते. ही पाणबुडी जड होते. एक घनमीटर डिझेल जाऊन त्या जागी एक घनमीटर समुद्र आला की वजन सुमारे 185 किलोंनी वाढते. 50 घनमीटर डिझेल जळले तर सव्वानऊ टन. पाण्याखाली तरंगत राहायचे म्हणजे स्वतःचे वजन आणि बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन यांची बरोबरी राखायची; तिथे सव्वानऊ टन ही फार मोठी रक्कम आहे. म्हणून कवचाच्या आत वेगळ्या भरपाई टाक्या असतात. त्यांतून तेवढे पाणी बाहेर काढावे लागते, आणि तेही पुढे-मागे तोल बिघडू न देता. डिझेल किती जळले, अन्नधान्य किती संपले, टॉर्पेडो गेला का, समुद्राचा खारटपणा किती, तापमान किती, याची वही रोज लिहिली जाते. आपल्या दोन्ही समुद्रांचा स्वभावही सारखा नाही. अरबी समुद्र जास्त खारा; बंगालच्या उपसागराच्या उत्तर भागात गंगा-ब्रह्मपुत्रेचे गोडे पाणी मिसळलेले. घनता अर्ध्या टक्क्याने उतरली तरी कलवरीएवढ्या पाणबुडीचा नऊ टनांच्या आसपास आधार जातो. मुंबईहून विशाखापट्टणमला जाताना ही वही नीट लिहिली नाही तर समुद्र ती लिहून घेतो.

दुसरी किंमत मला अभियंता म्हणून अधिक विचार करायला लावते. बरोबरी तळाशी असते, माथ्याशी नसते. टाकी 3 मीटर उंच असेल तर बाहेर 3 मीटर समुद्राचा खांब आणि आत 3 मीटर हलक्या डिझेलचा. तळाशी दोन्ही दाब सारखे, म्हणून वर जाताना आतला दाब बाहेरच्यापेक्षा थोडा थोडा जास्त होत जातो. माथ्यावर हा फरक अर्ध्या मीटर पाण्याहून किंचित जास्त. आकडा लहान आहे, पण त्याची दिशा पाहा : भिंतीला वर कुठे चीर गेली तर पाणी आत येणार नाही, तेल बाहेर जाणार. टाकीला यात काही धोका नाही. पाणबुडीला मोठा धोका आहे. दुसऱ्या महायुद्धात रिव्हेट मारून जोडलेल्या बाहेरच्या टाक्या स्फोटांच्या हादऱ्यांनी झिरपू लागत आणि पृष्ठभागावर तेलाची रेघ उमटे. शत्रूचे विमान त्या रेघेवरून पाणबुडी शोधून काढी. सगळ्या बाजूंनी वेल्ड केलेल्या टाक्या आल्यावर हे संकट बरेच कमी झाले. माझगाव डॉकच्या वेल्डरने ओढलेल्या प्रत्येक शिवणीमागे हा इतिहास आहे, आणि ती क्ष-किरणांनी तपासली जाते तेव्हा ते कंटाळवाणे काम समजू नये.

तिसरी किंमत तुम्हाला समजावून सांगण्याची गरज नाही. डिझेल आणि पाणी एका टाकीत ठेवले की सीमारेषेवर दोन्ही घुसळतात. पाणी जोरात आत आले, पाणबुडी डोलली, की थेंब मिसळतात. त्या सीमेवर सूक्ष्म जीवही वाढतात. त्यांचा चिकट थर गाळण्या बंद करतो. म्हणून डिझेल आधी शांत बसू देतात, मग फिरत्या शुद्धकयंत्रातून काढतात आणि आतल्या स्वच्छ टाकीत घेतात. टाकी पूर्ण उपसायची नाही, पाण्यावर काही डिझेल राहू द्यायचे हा नियमही याच कारणाने. आणि बंदरात डिझेल भरताना जे पाणी टाकीतून परत समुद्रात ढकलले जाते, त्याच्याबरोबर तेल जाणार नाही हेही पाहावे लागते. अमेरिकेच्या विनाशिकांवरही अशाच टाक्या आहेत, आणि तिथेही बंदरातल्या पाण्याचा हा प्रश्न उभा राहिला.

आता या सगळ्यातल्या खऱ्या नाजूक जागेकडे येतो. समुद्राच्या दाबातले डिझेल आपल्या दाबातल्या इंजिनापर्यंत जाणार कसे? मुख्य कवचातून नळ आत येतो तिथे दाबाच्या दोन जगांची सीमा आहे. आतली छोटी रोजच्या वापराची टाकी आपल्या कारखान्यातल्या टाकीसारखीच, हवेशी जोडलेली, पातळ भिंतीची. कवचावरचा व्हॉल्व्ह उघडा राहिला आणि पाणबुडी खोल गेली, तर 30 बारांचा समुद्र डिझेलला पुढे घालून त्या टाकीत शिरेल. जी टाकी मीटरभर पाण्याच्या फरकाला बिचकते तिच्यावर 300 मीटरचा दाब येईल. म्हणून डिझेल आत घ्यायचे ते उथळ पाण्यातच आणि त्यानंतर व्हॉल्व्ह बंद. एकामागे एक दोन व्हॉल्व्ह, प्रत्येकाची स्थिती दाखवणारा दिवा, आणि बुडी मारण्याआधी तोंडाने मोठ्याने घेतली जाणारी नोंद. टाकीचे नियमन म्हणतात ते मुख्यतः हे आहे. बाहेर बरोबरी राखायला भौतिकशास्त्र पुरेसे आहे. सीमेवर मात्र माणूस लागतो.

उथळ पाण्यात इंजिन चालवण्यासाठी स्नॉर्कल वापरतात. पाण्याखाली राहून वर फक्त हवेची नळी काढायची. डच नौदलाने ही युक्ती युद्धाआधी वापरात आणली, पुढे जर्मनांनी ती उचलली. लाट नळीच्या तोंडावरून गेली की तिथला व्हॉल्व्ह आपोआप मिटतो, नाहीतर समुद्र आत येईल. पण इंजिन थांबत नाही. ते पाणबुडीच्या आतलीच हवा ओढू लागते. काही सेकंद दाब उतरतो आणि माणसांच्या कानांना दडे बसतात; लाट गेली, व्हॉल्व्ह उघडला, की दाब परत येतो. खवळलेल्या समुद्रात हे तासन्‌तास चालते. पोकळी मर्यादेबाहेर गेली तर इंजिन बंद करावेच लागते. वळवाच्या सरीत बसलेली टाकी मी ज्यासाठी सांगितली ते हेच. फरक एवढाच की इथे टाकीच्या आत माणसे असतात.

एक गोष्ट इथल्या उन्हाळ्यासाठी सांगतो. द्रव दाबला जात नाही, असे शाळेत शिकवतात. तो थोडासा दाबला जातो, आणि तो थोडेपणाच घातक असतो. पूर्ण भरलेली नळी दोन्ही टोकांना बंद केली आणि ती उन्हात एक अंशाने तापली, तर डिझेलसारखा द्रव फुगायला जागा मागतो. भिंत अजिबात न हलणारी धरली तर एका अंशाला दाब 10 बारांच्या आसपास चढतो. प्रत्यक्षात पोलाद थोडे ताणते म्हणून चढ जरा कमी होतो, पण सकाळी नऊ ते दुपारी दोन एवढ्या वेळात तापमान किती अंशांनी चढते ते तुम्ही जाणता. म्हणून बंद नळीवर छोटा थर्मल रिलीफ व्हॉल्व्ह असतो. तळ उघडा असलेल्या पाणबुडीच्या टाकीला हा प्रश्न पडत नाही. थंड पाण्यात शिरल्यावर डिझेल आकसते, तेवढे पाणी आत येते. 50 घनमीटर डिझेल 10 अंशांनी थंड झाले तर सुमारे 400 लिटर. आत आलेल्या या पाण्याच्या वजनाची नोंद वहीत होतेच.

हाच विचार आज आणखी खोल गेला आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेचे मत्स्य 6000 हे यान 6,000 मीटरसाठी आहे. त्याच्या रचनेत माणसांसाठी 80 मिलिमीटर जाड टायटॅनियमचा गोळा आहे. एवढ्या खोलीवर गोळ्याबाहेरच्या मोटारी आणि विजेच्या जोडण्या वाचवायची जी पद्धत जगभर रूढ आहे, ती म्हणजे त्यांच्या पेट्या तेलाने भरायच्या आणि एक रबरी पिशवी समुद्राच्या संपर्कात ठेवायची. पिशवी दबली की तेलाचा दाब वाढतो. शिवाय स्प्रिंग लावून आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवतात, म्हणजे गळती झालीच तर तेल बाहेर जाईल, खारे पाणी विजेच्या जोडणीवर येणार नाही. युद्धात जी दिशा घातक ठरली तीच इथे मुद्दाम निवडली आहे. कोणत्या बाजूला किती जास्त ठेवायचे, हा निर्णय वस्तूचा नाही, तिच्या कामाचा आहे.

हे सगळे आपल्या जिल्ह्यापासून दूर नाही. नौदलाच्या यंत्र-अभियंत्यांचे शिक्षण लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीत होते. 15 फेब्रुवारी 1945 ला ते सुरू झाले. शेजारच्या इंदापूर तालुक्यात वालचंदनगरचे कारखाने साखरयंत्रांपासून नौदलाच्या गिअरबॉक्सपर्यंत पोहोचले. अंबरनाथच्या नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळेने पाणबुडीला हवेशिवाय वीज देणारी फॉस्फोरिक अॅसिड इंधनघटाची यंत्रणा उभी केली, तिची जमिनीवरची चाचणी 8 मार्च 2021 ला यशस्वी झाली, आणि त्या कामात पुण्याची थरमॅक्स ही कंपनीही सहभागी होती. 30 डिसेंबर 2024 ला ही यंत्रणा पाणबुडीत बसवण्यासाठीचा खंड बांधण्याचा करार माझगाव डॉकशी झाला. आपल्या मुलांनी या ठिकाणांकडे पाहताना फक्त कवचाची जाडी पाहू नये, असे मला कळकळीने वाटते. टाकीच्या माथ्यावरचा व्हॉल्व्ह समजणारा कुरकुंभचा मुलगा या कामात पहिल्या दिवसापासून उपयोगी पडेल. त्याला दाबाचा फरक म्हणजे काय हे हातांनी माहीत असते.

इंधनघटाच्या या नव्या यंत्रणेत टाकीचा प्रश्न उलटा होतो. डिझेलच्या जोडीला आता द्रवरूप ऑक्सिजन बाळगायचा, उणे 183 अंशांवर, दुहेरी भिंतीच्या टाकीत. तिच्या तळाला समुद्राला वाट देता येत नाही. सतत थोडा ऑक्सिजन उकळत असतो, म्हणून दाब चढतो. तो वापरात घेऊन किंवा सुरक्षा व्हॉल्व्हमधून सोडून मर्यादेत ठेवायचा. आणि ऑक्सिजन खर्च होऊन तयार झालेले पाणी बाहेर सोडले की पाणबुडी जड होण्याऐवजी हलकी होते. म्हणजे एकाच प्रवासात डिझेल जाळताना वजन वाढणार, ऑक्सिजन वापरताना घटणार. भरपाई टाक्यांना एका वेळी पाणी बाहेर काढावे लागेल, दुसऱ्या वेळी आत घ्यावे लागेल, आणि वहीत दोन्ही रकाने शेजारी शेजारी लिहावे लागतील.